आराम नाही

गुडघा धानाच्या बांधीत गेला. मोर्चात गेला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. पावसाळा सरत आला होता. मी ग्रामसभेची पत्रकं घेऊन गावोगाव फिरत होते, आणि दोन खाचरांमधल्या निसरड्या धुऱ्यावरून जाताना उजवा पाय चिखलात रुतला. पाय तिथेच राहिला, मी मात्र वळले. आत सुपारी फुटावी तसं काहीतरी वाजलं. पत्रकं पाण्यात पडली होती. ती आधी गोळा केली, मग ओरडले.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, आतली गादी थोडी फाटली आहे, ऑपरेशन नको, पण वेळ लागेल. किती वेळ, असं विचारलं तर म्हणाले, "गुडघा आहे बाई, त्याला विचारा." गादीच्या विरोधात मी इतकी पत्रकं लिहिली. ती गुडघ्यातही असते हे मला माहीत नव्हतं.

वेळ लागेल हे मला चालणार नव्हतं, कारण पुढे शीवफेरी होती.

मी ज्या गावात काम करते ते वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात आहे. गावाला वनहक्कात स्वतःचं जंगल मिळालेलं आहे. धान कापून, मळून घरात आलं की एक दिवस ठरवून गाव त्या जंगलाच्या हद्दीवरून पूर्ण चालत जातं. कुठे नवी तोड झाली, कुठला खुणेचा दगड कोणी सरकवला, आग कुठपर्यंत आली होती, हे सगळं बघत. त्याला शीवफेरी म्हणतात. तिचा नियम एकच आहे. निघालेला माणूस मधून परत फिरत नाही. सकाळी जिथून निघाले तिथेच सगळ्यांनी संध्याकाळी पोचायचं. कोणी अर्ध्यातून वळला तर फेरी मोडली म्हणतात, आणि मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पहिल्या दगडापासून पुन्हा चालावं लागतं. त्यामुळे ज्याच्या पायाची खात्री नाही त्याला गाव नेत नाही. लाजेखातरसुद्धा नेत नाही.

मागच्या वर्षीच्या फेरीचं पत्रक मी लिहिलं होतं. मथळा होता 'चला शिवेवर'. फेरीच्या दिवशी मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका बैठकीत चहा पीत होते. ग्रामसभेचे अध्यक्ष पन्नाशीचे आहेत, त्यांना सगळं गाव भाऊच म्हणतं. तेव्हापासून दिसले की ते मला टोमणा मारायचे, "तू कागदावर लय चालते बाई. येकदा पायानं चालून पाह्य." यंदा चालायचंच असं मी ठरवलं होतं. गावालाही तसं सांगितलं होतं. आणि पाय हा असा.

भद्रावतीला घरी गेले. मी तिथल्या कॉलनीत वाढले. कॉलनीत सगळीकडची माणसं, आपापली बोली गावाकडे ठेवून आलेली, त्यामुळे माझं मराठी पुस्तकातलं आणि हिंदीतलं अर्धं अर्धं आहे. हे सांगायचं कारण पुढे येईल. आईने पलंगावर दोन उशा रचल्या आणि म्हणाली, आराम कर. शेजारीण म्हणाली, आराम कर. ज्यांच्याबरोबर काम करते ते सगळे फोनवर म्हणाले, आता पूर्ण आराम. मला त्या शब्दाचा राग यायला लागला. ज्याला मागे घरात दुसरं कोणी कमावणारं आहे, स्वयंपाक करणारं आहे, पाणी भरणारं आहे, त्यालाच आराम सांगता येतो. बाकीच्यांना आराम सांगणं म्हणजे त्यांची थट्टा करणं. मी हे आईला ऐकवलं. ती म्हणाली, "तुझ्या मागे मी आहे ना? मग पड गुपचूप." मी उठून बसले.

फोनवर लेख वाचले. गुडघा दुखत असतानाही हालचाल चालू ठेवा, असं त्यांत लिहिलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. पण हालचाल कुठली, तर पोहायच्या तलावात चालणं, जिममधली सायकल, मऊ चटईवरचे व्यायाम. चित्रातल्या बाईच्या मागे काचेची भिंत आणि कुंड्या. आमच्या गावातही तलाव आहे. त्यात म्हशी बसतात.

शेवटी चंद्रपूरलाच एक फिजिओथेरपिस्ट सापडली, माझ्याच वयाची, भराभर बोलणारी. तिने पाय उचलून, वाकवून, दाबून पाहिला आणि म्हणाली, "आराम अजिबात करू नका." मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. "बसून राहिलात तर गुडघा आखडेल, मांडी सुकेल. सपाटीवर रोज चाला. हळूहळू चढ घ्या. फक्त उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, ओझं घेऊन गर्रकन वळायचं नाही."

"जंगलात दिवसभर चालायचंय मला."

"कधी?"

"थंडीत."

"चालता येईल," ती म्हणाली. "बसणं सगळ्यात शेवटी येतं. त्याची घाई करू नका."

पहिलं वाक्य मी घरी घेऊन आले. दुसरं तिथेच राहिलं.

मग रोजचं सुरू झालं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची, तसंच दाबून धरायचं आणि सोडायचं. पाय सरळ ठेवून उचलायचा. भिंतीला पाठ लावून जरासं खाली सरकायचं, लगेच वर. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच होताना दिसत नाही. माझ्या कामासारखंच आहे ते. सकाळी कॉलनीच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारायचे. तिथे निवृत्त काका लोक पांढरे बूट घालून चालतात. माझं लंगडणं पाहून त्यांनी मला आपल्यात घेतलं. प्रत्येकाने आपापल्या गुडघ्याची माहिती दिली. एक काका आपला नवा बसवलेला गुडघा वाकवून दाखवायचे, नवी स्कूटर दाखवावी तसे. "बेटा, अभी से?" असं त्यांच्यातल्या एकाने हळहळून विचारलं. मी म्हटलं, धान के खेत में गिरी. त्यांना ते पटलं नाही. पुढच्या दिवसापासून माझा अपघात गाडीवर झाला आहे असं सगळे धरून चालायला लागले.

सूज उतरली, पाय भरवशाचा वाटायला लागला, तशी मी गावाकडे निघाले. एसटीची पहिली पायरी कोणाच्या मापाने केली आहे हे मला एकदा शोधून काढायचं आहे. दांडा धरून डावा पाय वर टाकला आणि उजवा ओढून घेत होते तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "चढा ना ताई, गाडी का तुमच्यासाठी खाली बसन?" मी म्हटलं, बसायला पाहिजे. मागच्या म्हातारीने मला ढुंगणाला हात लावून आत ढकललं आणि म्हणाली, "भांडन मंग करजो, मले बी चढाचं हाय."

गावात मी एका बाईंकडे राहते. साठीच्या आहेत, एकट्या आहेत, ओसरीचा एक कोपरा त्यांनी मला दिलेला आहे. त्या घरात गेल्यावर लक्षात आलं की गाव पूर्ण जमिनीवर चालतं. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, जेवण जमिनीवर, सभा जमिनीवर. संडाससुद्धा बसायचाच. मी खाली बसू शकत नाही म्हटल्यावर कोणाच्या तरी लग्नातली प्लास्टिकची लाल खुर्ची माझ्यासाठी आली आणि सभेत मला तिच्यावर बसवलं. सगळं गाव खाली आणि मी वर. आमच्या पत्रकांत खुर्ची नेहमी समोरच्याची असते. मी पुढच्या सभेपासून खांबाला टेकून उभी राहायला लागले.

उभ्याने करायची कामं मी मागून घेतली. विहिरीवरून पाणी शेंदायचं. सुपाने धान उपणायचं, वाऱ्याकडे पाठ करून. दोरीवर कपडे टाकायचे. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, निरोप द्यायला जायचं असलं की मीच जायचे, आणि परत येताना मुद्दाम टेकडीच्या बाजूने यायचे. सकाळी ओसरीवर पाय उचलायचा व्यायाम चालायचा. विहिरीवर जाणाऱ्या बायका थांबून पाहायच्या.

"हे का करून राह्यली वं?"

"पायाचा व्यायाम."

"पाय कोनाले दाखवून राह्यली? इथी त कोनी नाई पाहाले."

"तुम्ही पाहून राहिल्या ना," मी म्हणायचे, आणि त्या हसत घागरी घेऊन पुढे जायच्या.

दुसरं एक चालायचं. येता-जाता जो भेटेल तो विचारायचा, "आराम हाय का?" मला वाटायचं, हेही तेच विचारत आहेत जे कॉलनी विचारत होती. आराम करतेस ना, नीट पडून असतेस ना. मी मान ताठ करून सांगायचे, "छे, आराम कसला? आराम अजिबात नाही." ज्याला सांगायचे त्याचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, काळजी करतात बिचारे, मी पडून राहत नाही म्हणून. भाऊ रस्त्यात भेटले, त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, "आराम नाही भाऊ, आणि फेरी होईपर्यंत असणारही नाही." ते डोकं हलवत गेले.

मग औषधं यायला लागली. कोणी एरंडाचं पान गरम करून बांधून गेलं. कोणी मोहाच्या बियांचं तेल बाटलीत आणून दिलं. एका आजोबांनी कसलं तरी मूळ उगाळून लावलं, त्याने गुडघा हिरवा झाला आणि माझी चादरही. बाई रोज संध्याकाळी विटेचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात बांधून द्यायच्या. पाय खरं तर सुधारत चालला होता. मी टेकडी चढून येत होते, उतरताना तेवढी कुरकुर. तरी औषधं वाढतच गेली. मी समजले, गावाचं प्रेम आहे.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी गोटूलात, म्हणजे गावाच्या मधोमध असलेल्या सभेच्या छपराखाली, सगळे जमले. भाऊंनी कोण कोण जाणार ते एकेकाकडे हात करून तोंडी सांगितलं. माझ्यावरून हात पुढे गेला.

"भाऊ, मी राहिले."

"तू राहाय ना. इथी राहाय. तुले आराम नाई."

"हो, नाही. म्हणूनच तर येतेय."

भाऊ म्हणाले, "आराम नाई त येते कसी?"

"आराम केला असता तर आले नसते. रोज चालले, टेकडी चढले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"ते पाह्यलं. पन विचारलं का तू म्हनते आराम नाई. मीनं विचारलं, यायनं विचारलं, समद्याइले तू तेच सांगतलं."

"नाहीच केला आराम."

"केला का कोन विचारते? पडला का, हे विचारून राह्यलो."

मला अजूनही कळलं नव्हतं. बाईंना कळलं. त्या खांबाशी बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "थांबा. हे पोरगी झोपत नाई, पडत नाई, त्याले म्हनते आराम नाई. आपन म्हनतो दुखनं बरं झालं का. तिचं अन् आपलं येक नाई झालं."

आधी बायका हसल्या, मग सगळं छप्पर हसलं. तेल देणारा म्हणाला, "मंग माह्यं तेल वापस दे." मुळी उगाळणारे आजोबा मात्र हसले नाहीत, त्यांच्या मते पाय त्यांच्या मुळीनेच सुधारला होता. मी उभी होते. महिनाभर मी छाती काढून साऱ्या गावाला सांगत फिरले होते की माझा पाय बरा नाही. जंगलाच्या हक्कावर, गावाच्या बोलीवर, गावाच्या कारभारावर मी लिहिते. गाव 'आराम हाय का' म्हणतं तेव्हा काय विचारतं, एवढं मला कळलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर भाऊंनी सरळ विचारलं, "आता सांग. आराम पडला का?"

"चालता येतं. चढता येतं. दिवसभर चालेन."

"खाली बसून दाखव."

"चालायचंय, बसायचं कशाला?"

"जंगलात का रस्ता हाय? बांबूच्या रांजीखालून बसून जा लागते. झऱ्याचं पानी बसून प्या लागते. जनावर दिसलं त समदे खाली दबतेत. तू येकटीच झाडावानी उभी राहाशीन?"

बोलण्यात चेष्टा नव्हती. मी खांब धरला आणि खाली जायला लागले. निम्म्यापर्यंत ठीक गेलं. खुर्ची असती तर बसले असते इतक्या उंचीवर गुडघा थांबला. दुखलं असं नाही, आत दार लावून घेतल्यासारखं झालं. जोर लावला असता तर कदाचित खाली गेलेही असते. वर आले असते की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि गावाला तेच माहीत करून घ्यायचं होतं. मी तशीच अर्धवट थांबले. सगळे बघत होते.

भांडायला माझ्याकडे पुष्कळ होतं. मी लहानसहान गोष्टींवरून साहेबांपुढे तासन्‌तास भांडलेली आहे. हद्दीचा अर्धा भाग तर बैलबंडीच्या वाटेचा आहे, हे मला ठाऊक होतं. पण मध्ये कुठे अडकले असते तर फेरी माझ्यामुळे मोडली असती आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललं असतं. कोणी मला बोललंही नसतं, तेच जास्त वाईट. मी खांब धरून उठले आणि म्हटलं, "नाही येत."

भाऊ म्हणाले, "बरं," आणि पुढच्या माणसाकडे हात केला.

सकाळी धुक्यात सगळे निघाले. जे जात नाहीत त्यांनी पहिल्या दगडापर्यंत सोबत करायची पद्धत आहे. नाल्याकाठच्या त्या दगडापर्यंत मी गेले, कुठे थांबले नाही, दम लागला नाही. पाय अगदी चांगला चालत होता. त्याचा रागच आला. माणसं एकामागे एक झाडीत शिरली, थोडा वेळ पाचोळा वाजला, मग तोही नाही.

परत आले तर बाई अंगणात तीन दगड मांडून मोठ्या पितळी गंजात आधण ठेवत होत्या. फेरीहून येणाऱ्यांचं जेवण. मी विचारलं, "तुम्ही पण नाही गेल्या?"

"मी नाई जात आता. आंधी जायचो. सामोर राहायचो."

मी उभ्याने मोठा डाव घेऊन वरण ढवळायचं काम घेतलं. त्या पाटावर बसून भाजी चिरत होत्या. उठायच्या तेव्हा आधी भिंतीला हात, मग डावा पाय बाजूला, मग एक श्वास आणि वर. मी हे रोज बघत होते. मला ती त्यांची चाल वाटायची, जशी कोणाची मान तिरपी असते तशी. त्या दिवशी, स्वतःचा गुडघा छपराखाली सगळ्यांना दाखवून झाल्यावर, मला ते गुडघा म्हणून दिसलं.

"पायाला काय झालं तुमच्या?"

"धानाच्या रोवन्यात गेला. चिखलात."

"कधी?"

"लय साल झाले. लेकरू लहान होतं."

"मग डॉक्टर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "रोवनं चालू होतं ना," त्या म्हणाल्या, आणि भाजी गंजात टाकली.

तोच चिखल, कदाचित तीच गादी. माझे फोटो निघाले, मला दोन उशा मिळाल्या, मी आराम नको म्हणून आईशी भांडले. यांना तो कोणी सांगितला नाही, आणि पडलाही नाही. माझ्या डोक्यात आपोआप मथळा तयार व्हायला लागला, सवयच आहे. बाई म्हणाल्या, "का पाहून राह्यली? खाली लागते ते, हालव." मी ढवळायला लागले.

दुपारी काम उरकल्यावर ओसरीवर पाय लांब करून दोघी टेकलो. मी माझा टॉवेल गुंडाळला, गुडघ्याखाली ठेवला, दाबला. त्यांनी काही न विचारता दोरीवरचं जुनं लुगडं ओढलं, त्याची घडी केली आणि डाव्या गुडघ्याखाली घातली.

"आता?"

"दाबा खाली. धरून ठेवा. सोडा."

त्यांनी दाबलं, धरलं, सोडलं. "याच्यात त काहीच होत नाई."

"होतं. दिसत नाही."

"मंग ठीक हाय," म्हणाल्या, आणि पुन्हा दाबलं. मांडी थरथरत होती.

उन्हं कलल्यावर नाल्याच्या बाजूने आवाज आले. सगळे होते, कोणी मागे राहिलेलं नव्हतं, फेरी पुरी झाली होती. मी नसल्याने कशाचंही अडलं नव्हतं. उत्तरेकडचा एक दगड कोणीतरी हलवला होता, तो त्यांनी जागेवर बसवला, यावर आधीच वाद सुरू होता. अंगणात येता येता भाऊ आमच्यासमोर थांबले. दोन बायका, पाय पसरून, फडक्याच्या गुंडाळ्या गुडघ्याखाली, तोंडं गंभीर.

"ह्या दोघी का करून राह्यल्या?"

मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "आराम करून राह्यलो. भात तिथी हाय, वाढून घेजा."